हेल्मेट घ्यायचंय? आधी डोकं मोजा, मग पैसे मोजा

आपल्याकडं हेल्मेट घ्यायची पद्धत ठरलेली आहे. पुढच्या चौकात पोलीस उभे आहेत असं समोरून येणारा कुणीतरी हात करून सांगतो, मग रोडच्या कडेला झाडाखाली बांबूला लटकवलेल्या हेल्मेटांतलं एक उचलायचं, दोनशेचं दीडशेला मागायचं, डोक्यावर ठेवायचं आणि निघायचं. साईज कुणी विचारत नाही आणि विकणारा सांगत पण नाही, "बसतंय की भौ, घ्या" एवढ्यावर सौदा होतो. चप्पल घेताना सात नंबर का आठ नंबर करत चार जोड घालून बघणारा माणूस हेल्मेट घेताना फक्त रंग बघतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाच हजाराचं ढिलं हेल्मेट आणि हजार-बाराशेचं मापात बसलेलं आयएसआय हेल्मेट यात मी डोळे झाकून दुसरं घेईन. कंपनी, ग्राफिक्स, मागचा तो प्लास्टिकचा पंख हे सगळं नंतरचं, आधी माप.

आता मापाचा एवढा हट्ट कशाला, तर त्यासाठी हेल्मेट आतून काय आहे ते बघावं लागतं. बाहेरचं कवच दिसतं ते एबीएस प्लास्टिकचं, पॉलिकार्बोनेटचं नाहीतर फायबर ग्लासचं असतं, त्याचं काम मार एका जागी न घेता पसरवायचा आणि खडी-दगड आत घुसू द्यायचा नाही. पण खरा जीव वाचवणारा माल आत आहे, मऊ स्पंजाच्या मागं जो कडक थर्माकोल लागतो ना बोटाला, तो. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, फक्त जास्त दाट. डोकं आपटलं की कवटी जागेवर थांबते पण आतला मेंदू पुढं जात राहतो आणि कवटीला आतून धडकतो, हा थर्माकोल दबतो आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटीमीटर जास्त देतो, बस्स एवढंच, पण त्या दोन-तीन सेंटीमीटरात आयुष्याचा फरक पडतो.

हिशोब करून बघा. गाडीवर बसल्यावर आपलं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं आडवं पडलो तरी डोकं रोडला टेकेपर्यंत ताशी २० किलोमीटरच्या जवळपास वेग घेतं. गाडी चालू पण नाही बरं का. आणि ताशी ५० च्या स्पीडला डोकं सरळ डिव्हायडरवर गेलं तर ते जवळपास १० मीटर उंचावरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखं. दुसऱ्या केसमध्ये कोणतंच हेल्मेट गॅरंटी देत नाही आणि कुणी देत असेल तर तो खोटं बोलायलाय. पण बऱ्याच वेळा डोकं सरळ न आदळता पडता पडता, घसरता घसरता आपटतं आणि तिथं हेल्मेट कामाला येतं. जगभरातले अभ्यास एकत्र करून कोक्रेन नावाच्या संस्थेनं २००८ मध्ये आढावा घेतला होता, त्यात हेल्मेटमुळं जीव जायचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागायचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो असं आलं.

आता हेच हेल्मेट ढिलं असेल तर काय होतं, पडताना ते डोक्यावर फिरतं, जिथं मार बसायला पाहिजे तिथं थर्माकोल राहतच नाही, नाहीतर पहिल्याच दणक्यात निघून चार फूट लांब जाऊन पडतं. अपघाताच्या फोटोत माणूस एकीकडं आणि हेल्मेट दुसरीकडं असं दिसतं, आणि लोक म्हणतात हेल्मेट घालून पण गेला. घातलं होतं, बांधलं नव्हतं, नाहीतर मापाचं नव्हतं.

तर आता माप. शिवणकामाचा टेप घ्या, वहिनीच्या नाहीतर आईच्या मशीनच्या खणात सापडतो, नसेल तर सुतळी गुंडाळा आणि नंतर पट्टीवर मोजा. टेप भुवयांच्या एक-दोन बोटं वर, कानांच्या वरून, आणि मागं डोक्याचा जिथं सगळ्यात जास्त फुगवटा आहे तिथून फिरवायचा. दोन-तीनदा मोजा आणि जो आकडा सगळ्यात मोठा येईल तो धरा. ५५-५६ सेंटीमीटरला साधारण स्मॉल, ५७-५८ ला मीडियम, ५९-६० ला लार्ज, ६१-६२ ला एक्स्ट्रा लार्ज. आपल्याकडच्या हेल्मेटवर बऱ्याचदा ५८०, ६०० असं मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं, ते हेच. पण प्रत्येक कंपनीचा चार्ट थोडा वेगळा असतो, एकाचं मीडियम दुसऱ्याच्या लार्जएवढं निघतं, म्हणून आकडा फक्त सुरुवात करायला, फैसला डोक्यावर घालूनच. दोन साईजच्या मधे आलात तर आधी लहान घालून बघा.

घालायची पण पद्धत आहे. दोन्ही पट्टे दोन हातात धरून बाहेर ओढायचे आणि मग डोकं आत घालायचं. मापाचं फुलफेस, म्हणजे हनुवटीसकट पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट पहिल्यांदा घालताना कान थोडे दुमडतात, कपाळ घासतं, "जाईना की हे" असं वाटतं, तिथंच लोक म्हणतात मोठं द्या. मोठं घेऊ नका. आत गेल्यावर कसं बसतंय ते बघा, आत जाताना सैल वाटलं तर ते आधीच मोठं आहे.

बसल्यावर आरशात बघा. गाल दाबले गेले पाहिजेत, अगदी फुगलेल्या गालाचं लेकरू दिसतं तसं दिसलं तरी चालेल, बोलताना गालाची आतली कातडी दाताखाली येते की काय असं वाटलं पाहिजे. फुलफेसमध्ये डोळे खिडकीच्या साधारण मधे यायला पाहिजेत, कपाळ उघडं ठेवून मागं सरकवलेलं नाही आणि भुवया झाकून खाली आलेलं पण नाही. कपाळ आणि स्पंजाच्या मधे बोट घालून बघा, सहज गेलं तर ढिलं. मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरा आणि डोकं स्थिर ठेवून ते डावीउजवीकडं फिरवा, वरखाली करा. कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटसोबत हलली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि कातडी जागेवर राहिली म्हणजे ठेवून द्या परत.

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट दुकानात शंभरातला एखादाच करतो. पट्टा नीट बांधा, मान थोडी पुढं झुकवा, आणि सोबतच्या माणसाला सांगा की मागच्या बाजूनं, मानेजवळच्या कडेला धरून हेल्मेट वर आणि पुढं ढकल, जोरात पण मान मोडू नको. पट्टा बांधलेला असताना हेल्मेट पुढं लोळून निघालं तर ते रोडवर पण निघणार. ही टेस्ट नापास झाली तर पुढं काहीच बघू नका, दुसरं काढायला सांगा.

मग तसंच घालून पंधरा-वीस मिनिटं बसा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या, चहा मागवा. एवढ्या वेळानं काढल्यावर कपाळावर सगळीकडं सारखा हलका वळ असेल तर ठीक, पण एकाच जागी लाल ठिपका उठला असेल आणि तिथं ठणकायला लागलं असेल तर माप बरोबर आहे पण आकार तुमच्या डोक्याचा नाही. डोकी सगळ्यांची एकसारखी नसतात, कुणाचं पुढून मागं लांबट, कुणाचं गोल. कपाळावर आणि मागं दाबतंय आणि बाजूला मोकळं आहे म्हणजे डोकं लांबट आणि हेल्मेट गोल. कानशिलाला दाबतंय आणि कपाळाला हवा खेळतीय म्हणजे उलटं. अशा वेळी साईज वाढवून काही होत नाही, मॉडेल बदला, कंपनी बदला. त्यासाठीच मी म्हणतो ऑनलाईन सेल बघून पहिलंच हेल्मेट मागवू नका, एकदा दुकानात जाऊन तेच मॉडेल घालून बघा मग पाहिजे तिथून घ्या.

नवीन हेल्मेट थोडं जास्तच घट्ट वाटतं ते बरोबर आहे, स्पंज वापरून दबतो, गालाचे पॅड तर लवकर दबतात. दुकानात जे मऊ-मऊ मस्त आरामात बसलं ते दिवाळीपर्यंत डोक्यावर डुलायला लागतं. घट्ट पाहिजे, दुखरं नको. बऱ्याच कंपन्यांचे गालाचे पॅड वेगळे जाड-पातळ मिळतात, डोकं बरोबर पण गाल ढिले असं असेल तर फक्त पॅड बदलता येतात.

आता आयएसआयबद्दल. दुचाकीच्या हेल्मेटसाठी आपलं स्टँडर्ड आयएस ४१५१ आहे आणि १ जून २०२१ पासून केंद्र सरकारच्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरप्रमाणं आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं बेकायदेशीर आहे. तरी रोडवर विकायलेतच, ते वेगळं. नुसता आयएसआयचा स्टिकर बघून भुलू नका, स्टिकर कुणीही छापतो. मार्कच्या वर आयएस ४१५१ लिहिलेलं असतं आणि खाली सीएम-एल नं सुरू होणारा लायसन नंबर असतो, मोबाईलमध्ये बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप घ्या, त्यात तो नंबर टाका, कंपनीचं नाव आणि कोणत्या मालाचं लायसन आहे ते दिसतं. नंबर भलत्याच मालाचा निघाला किंवा लायसन बंद असलेलं निघालं तर दुकानदाराला तिथंच दाखवा. हे दोन मिनिटांचं काम आहे.

डॉट, ईसीई असं लिहिलेलं हेल्मेट जास्त भारी असतं का असं पोरं विचारतात. ईसीई हे युरोपाकडचं स्टँडर्ड, सध्या २२.०६ चालू आहे, ते कडक आहे आणि आयएसआयसोबत ते पण असेल तर उत्तमच. डॉट अमेरिकेचं, तिथं कंपनी स्वतःच लिहून देते की आमचा माल पास आहे आणि सरकार नंतर बाजारातून उचलून तपासतं, त्यामुळं आपल्याकडच्या नुसत्या डॉटच्या स्टिकरला मी तरी काही किंमत देत नाही. भारतात आयएसआय पाहिजेच, बाकी वरून. आणि त्यासाठी लई पैसे लागतात असं पण नाही, फरीदाबादची स्टड्स, आपल्या शेजारच्या बेळगावची व्हेगा, स्टीलबर्ड, यांची साधी फुलफेस मॉडेलं हजार-दोन हजाराच्या आसपास कोणत्याही जिल्ह्याच्या गावात मिळतात.

फुलफेसच का, तर पडताना माणूस तोंडावर पण पडतो. जर्मनीत अपघातातली हेल्मेटं घेऊन मार कुठं कुठं बसला ते मांडलं होतं तर जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीच्या आणि जबड्याच्या भागावर होते. ओपन फेसमध्ये तो भाग उघडाच. उन्हाळ्यात गावातल्या गावात स्कूटीवर फिरणाऱ्यानं ओपन फेस घेतलं तर मी भांडणार नाही, पण बीड बायपास, सोलापूर-धुळे हायवे, नांदेड-लातूर रोड असल्या रस्त्यानं रोज जाणाऱ्यानं फुलफेसच घ्यावं. पुढचा जबडा उचलून वर करता येणारं मॉड्युलर चष्मेवाल्यांना आणि टोलनाक्यावर, पंपावर बोलायला सोयीचं पडतं, पण वजन जास्त आणि लॉक चांगलं पाहिजे, स्वस्तातलं घेऊ नका. आणि ते अर्धं टोपीवालं, कानाच्या वरच संपणारं, ते घेण्यापेक्षा पैसे खिशात ठेवा, पोलीस पण त्याला हसतात.

वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीत अजून एक प्रकार दिसतो, कंपनीतलं पिवळं सेफ्टी हेल्मेट घालूनच लोक घरी निघालेत. ते वरून हातोडी, नट-बोल्ट पडला तर त्यासाठी बनवलंय, बाजूनं त्यात थर्माकोल नाही, हनुवटीचा पट्टा असला तर नावाला. रोडवर ते शून्य आहे, आणि पोलिसानं सोडलं तरी डांबर सोडत नाही.

गाडी नवीन घेतली तर हेल्मेट सोबत द्यायचा नियम आहे, मोटार वाहन नियम १३८ मध्ये, आणि शोरूमवाला देतो पण. पण ते सगळ्यांना एकाच साईजचं देतात बहुतेक. तिथंच टेप काढा आणि सांगा माझं डोकं ६० आहे, लार्ज द्या.

आता पट्टा. पट्टा न बांधता हेल्मेट घालणं म्हणजे न घालणंच, यात चर्चा नाही. पट्टा हनुवटीच्या टोकावर नाही, हनुवटीच्या मागं गळ्याला लागून बसला पाहिजे. बांधल्यावर खालून एक बोट जावं, फार तर दोन. मग तोंड मोठ्ठं उघडा, जांभई देताना उघडतो तसं, हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं पाहिजे, तसं वाटलं नाही तर अजून आवळा. क्लिपवाल्या लॉकमध्ये आपल्या काळ्या मातीची धूळ जाऊन बसते, टिक आवाज येतो पण पूर्ण लागत नाही, म्हणून लावल्यावर एकदा ओढून बघायची सवय लावा. दोन कड्यांचा जुना प्रकार, ज्यात पट्टा दोन रिंगांतून ओवून परत मागं घ्यायचा, तो बांधायला किचकट पण सगळ्यात भरवशाचा, दर वेळी आपोआप बरोबर माप घेतो.

उन्हाळ्याचं बोलल्याशिवाय आपल्याकडं हेल्मेटचं बोलणं पूर्ण होत नाही. परभणी, नांदेड, बीडकडं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो आणि त्यात डोक्यावर भट्टी कोण ठेवणार हे म्हणणं मला पूर्ण पटतं, फक्त त्यासाठी हेल्मेट सोडणं पटत नाही. पांढरं नाहीतर फिक्या रंगाचं घ्या, काळं मॅट फिनिश दिसायला भारी पण ऊन लई पितं. पुढं-वर हवा आत यायला आणि मागून बाहेर जायला भोकं असलेलं घ्या आणि ती भोकं उघडी ठेवा, कितीतरी जणांची वर्षानुवर्षं बंदच असतात. खरं तर दुपारी वारा नुसता आगीसारखा लागतो तेव्हा काच खाली केलेलं हेल्मेट उघड्या तोंडापेक्षा बरं पडतं, डोळे आणि ओठ तरी कोरडे पडत नाहीत.

घामासाठी लोक आत जाड टॉवेल नाहीतर उपरणं गुंडाळतात आणि वरून हेल्मेट दाबतात, तिथं मापाचं वाटोळं होतं. दुकानात टॉवेलशिवाय माप घेतलं आणि रोडवर टॉवेल घातला तर ते बसत नाही, टॉवेल घालून माप घेतलं तर पावसाळ्यात ढिलं. पातळ सुती टोपी नाहीतर तोंड झाकणारा पातळ मास्क मिळतो शे-दीडशेला, तो घाला आणि तो घालूनच हेल्मेटचं माप बघा. पोरींचं पण तेच, स्कार्फ बांधायचाच आहे तर पातळ सुती, एकच पदर, आणि मागं गाठ मारू नका, ती गाठ हेल्मेट पुढं ढकलते. केसांचा बुचडा, क्लचर, वर बांधलेली शेपटी काही चालत नाही, खाली मानेवर वेणी घाला. डोक्याला तेल थापून रोज हेल्मेट घातलं तर आतला स्पंज वर्षात कुबट होतो, म्हणून पण ती पातळ टोपी कामाची. आणि आपल्या तात्या-आबांना सांगावं लागतं की टोपी खिशात घाला, पटका डिकीत ठेवा, टोपीवर हेल्मेट बसत नाही, वाकडं बसतं. ऐकत नाहीत लवकर, पण नातवानं सांगितलं की ऐकतात.

मोबाईल हेल्मेटमध्ये कानाजवळ खुपसून बोलत जाणारे तर घराघरात आहेत. कायद्याचं सोडा, गालाचा पॅड फाकून ढिला होतो आणि पडल्यावर तो मोबाईल गालाच्या हाडात घुसतो. फोन आला तर बाजूला थांबा, बोला, पुन्हा निघा.

हेल्मेट घातलं की ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, हे कारण लई जुनं आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या ९०० मोटरसायकल अपघातांचा तपास हॅरी हर्ट नावाच्या प्रोफेसरनं केला होता, १९८१ मध्ये रिपोर्ट आला, त्यात हेल्मेटमुळं रस्त्यावरचे कामाचे आवाज ऐकू येणं किंवा बाजूचं दिसणं कमी होत नाही असं निघालं. त्याच रिपोर्टात अजून एक गोष्ट आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते, बरेच अपघात लहान फेरीत, निघाल्यावर थोड्याच वेळात, निघालेल्या जागेच्या जवळच झाले होते. म्हणजे "इथंच तर जायचंय, दूध टाकून येतो" म्हणून हेल्मेट खुंटीला ठेवलं जातं ना, नेमकं तेच.

काच साधी पारदर्शक घ्या. काळी, निळी, सोनेरी काच दिवसा ठीक पण रात्री आंधळं करते, आणि आपल्याकडं रात्रीचा रोड कसा असतो सांगायला नको. कारखाने चालू झाले की ऊसाची डबल ट्रॉली, मागं ना लाईट ना रेडियम, रोडच्या अर्ध्यात उभी, वरून ऊस बाहेर लोंबकळलेला. मधेच रानडुक्कर नाहीतर नीलगाय आडवी. अशा वेळी ओरखडे पडलेल्या काचेतून समोरच्या ट्रकचा लाईट फुटून सगळं पांढरं दिसतं आणि तेवढ्या दोन सेकंदांत ट्रॉली येते. काचेवर ओरखडे पडले की ती बदला, दोन-चारशे रुपयांत मिळते. आणि धूळ बसलेली काच कोरड्या रुमालानं कधीच पुसू नका, ओलं फडकं दोन मिनिटं काचेवर ठेवा, धूळ सुटू द्या, मग हलक्या हातानं. पावसात वाफ धरत असेल तर वाफ न धरणारी काच मिळते, नाहीतर काच एक घर वर करून ठेवा.

मागं बसणाऱ्याचं डोकं पण डोकंच असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणं चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्याला दोघांना हेल्मेट लागतं, वय चार वर्षांच्या वर असेल तर. नसेल तर कलम १९४ ड प्रमाणं १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन सस्पेंड. साडी नेसून एका बाजूनं बसलेल्या बायकांना तर धरायला पण नीट काही नसतं, खड्ड्यात गाडी आदळली की पहिली त्या पडतात, आणि नेमकं त्यांच्याच डोक्यावर काही नसतं. दंड नवऱ्याचा वाचतो म्हणून एकच हेल्मेट घेणारं घर मला कळत नाही.

चार वर्षांखालच्या लेकरांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे, नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधणारा हार्नेस, आणि गाडीचा वेग ४० च्या आत. लेकरांना मोठ्यांचं हेल्मेट घालू नका, नुसतं डोक्यावर हलतं आणि त्याच्या वजनानंच मान दुखते. लहान साईजचं मिळतं. लहान पोराचं डोकं पण टेपनं मोजायचं आणि दर वर्षी मोजायचं, "पुढं पण व्हावं" म्हणून शाळेचा युनिफॉर्म घेतो तसं एक साईज मोठं घेऊ नये.

घरी आणल्यावर काही गोष्टी पाळा. आरशावर हेल्मेट लटकवू नका, आरशाचा दांडा आतल्या थर्माकोलला खड्डा पाडतो आणि तो वर स्पंज असल्यामुळं दिसत नाही. त्यावर बसून चहा पिऊ नका. पेट्रोलच्या टाकीवर, तापलेल्या सायलेन्सरजवळ, भर उन्हात गाडीवर ठेवून जाऊ नका. पेट्रोल, थिनर, डिझेलनं पुसू नका, प्लास्टिक आतून कमजोर होतं आणि वरून चकाचक दिसतं. साधा शॅम्पू, कोमट पाणी. आतले पॅड निघत असतील तर काढून धुवा आणि सावलीत वाळवा. मनात आलं म्हणून ऑईल पेंटनं नाव-गाव लिहू नका, रेडियमचं स्टिकर मागं जरूर लावा. आणि पाच वर्षांनी बदला, रोज ऊन खाणारं असेल तर त्याच्या आधीच, बनवल्याची तारीख आत लेबलवर असते, घेताना पण ती बघा नाहीतर दुकानात तीन वर्षं पडलेला माल डिस्काउंट म्हणून गळ्यात मारतात.

रिकामं हेल्मेट टेबलावरून पडलं तर लगेच फेकायची गरज नाही, पण डोकं आत असताना एकदा जरी आपटलं तर त्याचं काम झालं. वरून नुसता ओरखडा दिसतो, आत थर्माकोल दबलेला असतो आणि दबलेला थर्माकोल परत फुगत नाही, दुसऱ्यांदा तिथंच मार बसला तर मधे काहीच नाही.

रस्त्यात दुसऱ्या कुणाचा अपघात झालेला दिसला तर हेल्मेट ओढून काढायला धावू नका, मानेचं हाड हललेलं असू शकतं आणि आपल्या मदतीनंच माणूस जन्माचा लुळा होईल. आधी १०८ ला फोन लावा. काच वर करा, श्वास चालू आहे का बघा, बोलवून बघा, डोकं आणि मान आहे तशी दोन्ही हातांनी धरून ठेवा, पाणी पाजायची घाई नको. श्वासच अडकलाय, उलटी होऊन तोंडात भरलंय, हेल्मेट काढल्याशिवाय इलाज नाही असंच असेल तर दोघं लागतात, एकानं पुढून एक हात जबड्याला आणि दुसरा मानेखाली घालून मान सरळ धरायची, दुसऱ्यानं पट्टा सोडून, नाही सुटला तर कापून, हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवत हळूहळू वर सरकवायचं, आणि ते निघून पण मान सोडायची नाही. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती आता ठेवू नका, २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम १३४ अ आलंय, चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर केस होत नाही.

मार खाल्लेलं हेल्मेट डॉक्टरला दाखवायला दवाखान्यात घेऊन जा, मार कुठं बसला ते त्यावरून कळतं. नंतर मात्र ते घरात "गावात फिरायला होईल" म्हणून ठेवू नका, गड्याला देऊ नका, भंगारवाल्याला पण तसंच देऊ नका, तो पुसून परत विकतो. पट्टे कात्रीनं कापा, आतला थर्माकोल उपसून काढा, आणि मग टाका.